'बच्चे है, छोडो' म्हणणाऱ्यांना

आपल्या मोहल्ल्यांत दोन शब्दांनी जेवढी प्रकरणे मिटवली जातात, तेवढी जमातीच्या पंचांनीही कधी मिटवली नसतील. ते दोन शब्द म्हणजे 'बच्चे है'. बालवर्गात एकाने दुसऱ्याला रोज बाकावरून ढकलले, बच्चे है. चार मुलींनी मिळून पाचवीला महिनाभर जवळ बसू दिले नाही, बच्चे है. तोतऱ्या पोराची नक्कल करून सगळा वर्ग हसला, बच्चे है, हसतेच. तक्रार घेऊन आलेली आई खजील होऊन परत जाते. जिच्या मुलाविषयी तक्रार असते ती 'छोटे है टीचर, कल भूल जाते' म्हणत बुरखा सावरते. संस्थेचे चिटणीस घड्याळाकडे बघतात. प्रकरण मिटते. पोर तेवढे दुसऱ्या दिवशी सकाळी पोट धरून बसते.

या 'बच्चे है'शी आमचे भांडण आहे. ते आज जाहीरपणे मांडत आहोत, कारण खासगीत मांडून झाले आणि दर वेळी चहा पाजून आमची बोळवण करण्यात आली.

आम्ही सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत वरच्या वर्गांना शिकवतो. बालवर्ग त्याच इमारतीत तळमजल्यावर भरतो. तिथल्या बाई रजेवर असल्या की ऑफ तासिकेला आम्हालाच खाली धाडले जाते. त्यामुळे दोन्ही टोके आमच्या डोळ्यांसमोर आहेत. खाली चार वर्षांचे मूल दिसते, वर तेच मूल चौदाव्या वर्षी दिसते. मधल्या दहा वर्षांत काय झाले ते पाहायचे तर फक्त हाक ऐकावी. आठवीच्या हजेरीपटावर नाव एक असते आणि वर्गात हाक दुसरीच ऐकू येते. हकला, मेंढक, कल्लू, शेंबड्या. विचारपूस केली तर कळते की हे नाव आठवीत पडलेले नाही, ते खाली तळमजल्यावर पडले आहे. ज्याने पाडले त्याला ते कधी, कशावरून हे आठवतसुद्धा नाही. ज्याला पडले त्याला तारखेसकट आठवते. 'कल भूल जाते' म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या आठवीत येऊन बसावे.

सगळीच भांडणे एका मापाने मोजू नयेत, हे आम्हालाही कळते. तीन वर्षांचे मूल खेळणे हिसकावते, चावते, ढकलते. कारण त्याच्याजवळ शब्द कमी आणि इच्छा फार असतात. दोन बरोबरीची पोरे रंगाच्या खडूवरून एकमेकांचे केस ओढतात आणि पाच मिनिटांत एकाच डब्यातली खारी वाटून खातात. ही मस्ती. यात मोठ्यांनी नाक खुपसण्याचेही कारण नाही. आमचा आक्षेप वेगळ्याच गोष्टीवर आहे. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या. त्यामागे शाळासोबत्यांनी केलेला छळ असावा असे पुढे आले आणि १९८३ मध्ये तिथल्या सरकारने देशभर मोहीम हाती घेतली. त्या कामातले अग्रणी संशोधक डॅन ओल्वेयस यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली आहेत. त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि ज्याला होतो त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. आपल्या बोलीत याला वेगळा शब्दच नाही. मराठीत 'खोड्या' आणि दखनीत 'मस्ती'. खारी वाटून खाणाऱ्या दोघांचे भांडण तीही मस्ती, आणि एकाच पोराला पाच जणांनी रोज नळाजवळ अडवणे तीही मस्ती.

'हे मोठ्या पोरांचे झाले, केजीच्या लेकरांना कसली आलीय जाणूनबुजून?' असा प्रश्न आम्हाला शिक्षकांच्या खोलीतच विचारला गेला आहे, आणि विचारणारे आमच्यासारखेच बी.एड. होते. बी.एड.ला आम्ही सगळ्यांनीच बालमानसशास्त्र पाठ केले. पियाजेच्या अवस्था, एरिक्सनची आठ टप्प्यांची कोष्टके, दहा मार्कांचा प्रश्न. तीन ते सहा हे वय एरिक्सनच्या मते पुढाकार घेण्याचे असते आणि तो पुढाकार चिरडला गेला तर अपराधीपण घर करते, हे उत्तरपत्रिकेत सुवाच्य अक्षरात लिहून आम्ही पदव्या घेतल्या. परीक्षा संपली, कोष्टक मिटले. पण अमेरिकेत निकी क्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की तीन ते पाच वयाची मुलेही मारहाणीवाचून दुसऱ्याला दुखवू शकतात. 'तू माझी मैत्रीण नाहीस', 'तुला वाढदिवसाला बोलावणार नाही' अशा धमक्या देऊन, गटाबाहेर ठेवून. आमच्या तळमजल्यावर हेच दखनीत चालते: 'उसकू नै लेना खेल में.' एवढे एक वाक्य. न ओरखडा, न रक्त. पालकांना दाखवायला अंगावर काही नसते, म्हणून तक्रार टिकत नाही.

परिणामांचे म्हणाल तर तेही अंगावरच उमटतात, फक्त वाचता आले पाहिजेत. चार वर्षांच्या मुलाला 'माझा अपमान झाला' असे सांगता येत नाही. ते 'पेट दुखरा' म्हणते. रविवारी दुखत नाही, सोमवारी दुखते. सुटीत दुखत नाही, जूनमध्ये दुखते. अंथरूण ओले करणे थांबलेले असते, ते पुन्हा सुरू होते. आईचा पदर सुटत नाही. डबा भरलेला परत येतो, कारण डबा उघडला की कोणीतरी त्यात हात घालते किंवा नाक मुरडते. काही मुले बोलणेच टाकून देतात. घरी बडबड आणि वर्गात मुकी. बाईंना वाटते मूल शांत आहे, गुणी आहे. अशा 'गुणी' मुलांची आम्हाला धास्ती वाटते. काही जण घरी जाऊन धाकट्या बहिणीला तेच करतात जे त्यांना शाळेत झालेले असते. आणि काही हसू लागतात. आपल्याला मारलेल्या नावाला आपणच हसायचे, सगळ्यांबरोबर. म्हणजे गटात राहता येते. पाच वर्षांच्या पोराने शिकलेली ही युक्ती पाहिली की पोटात कालवते.

कोणी म्हणेल, मूल मुळातच भित्रे, एकलकोंडे असते म्हणून इतर त्याला सतावतात. हा युक्तिवाद घराघरांत आहे. 'अपनाच बच्चा दब्बू है' असे आई-बापच म्हणतात. बेकी कोचेंडरफर आणि गॅरी लॅड यांनी १९९६ मध्ये नेमका हा प्रश्न किंडरगार्टनच्या पाच-सहा वर्षांच्या मुलांविषयी विचारला. आधी काय, नंतर काय? एकाच वर्षात दोनदा मुलांकडे जाऊन त्यांनी पाहिले. छळ आधी होता. एकटेपणा आणि शाळा टाळणे त्यामागून आले. म्हणजे मूल दब्बू होते म्हणून मार खाल्ला असे सरसकट म्हणता येत नाही. मार खाऊन खाऊन ते दब्बू झाले, हे जास्त खरे असू शकते. आता आपल्या समाजातली शाळागळती आठवा. उर्दू शाळांतली मुले पाचवी-सातवीनंतर का गळतात यावर आपण परिसंवाद घेतो. गरिबी, यंत्रमागावरचे काम, विड्या वळणारी आई, मोठ्या बहिणीवर पडणारी धाकट्यांची जबाबदारी. सगळी कारणे खरी. पण शाळा हे अपमानाचे ठिकाण आहे हे ज्याने चौथ्या वर्षीच ठरवून टाकले, त्याची गळती पाचवीत नव्हे, बालवर्गात सुरू झालेली असते. त्या परिसंवादांत हे कारण आम्ही अजून ऐकलेले नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ही नावे मुलांना कोण पुरवते? चार वर्षांच्या मुलाला पिंजारी म्हणजे काय हे ठाऊक नसते. कापूस पिंजणारा त्याने पाहिलेलाही नसतो. तरी तो दुसऱ्याला 'ए पिंजाऱ्या' म्हणतो. बागवानाचा, अत्ताराचा, कसायाचा, फकिराचा, मदाऱ्याचा; हे षष्ठीचे प्रत्यय तो कुठून आणतो? दस्तरखानावरून आणतो. लग्न जमवताना, जागेचे भांडण निघाल्यावर, मशिदीच्या कमिटीची निवडणूक आल्यावर घरातली वडीलधारी मंडळी ज्या सुरात एकमेकांच्या बिरादरीची नावे घेतात तो सूर मूल उचलते. अर्थ नंतर शिकते. छप्परबंदांवर इंग्रजांच्या राजवटीत गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये गेला. आमच्या शहरात 'सेटलमेंट' नावाची वस्ती आजही आहे, त्यामुळे तो इतिहास आम्हाला पुस्तकातून वाचावा लागत नाही. आज पंचाहत्तर वर्षांनी एखाद्याची पेन्सिल हरवली की केजीतली पोरे एका ठरावीक मुलाच्या दप्तराकडे बघतात. त्यांना तिकडे बघायला कोणी शिकवले? शुक्रवारी एका सफेत खांद्याला खांदा लावणारे आपण, आपल्या लेकरांना सोमवारी बाकावर कुठल्या सफेत बसवतो?

इथे मजहबचा दाखला देणे आम्हाला टाळता येत नाही, कारण दाखले देणाऱ्यांचीच ही गल्ली आहे. सूरह अल्-हुजुरातमधली अकरावी आयत दर वाअजमध्ये येते. एका समूहाने दुसऱ्याची थट्टा करू नये, एकमेकांना टोमणे मारू नयेत, वाईट नावांनी पुकारू नये, असा तिचा स्पष्ट आदेश आहे. त्यात वयाची अट नाही. आणि हदीसमध्ये अबू उमैरची हकीकत आहे. अनस यांचा हा धाकटा भाऊ, अगदी लहान मूल. त्याचा पाळलेला पक्षी मेला आणि तो उदास बसला. पैगंबर साहेबांनी त्याला त्या पक्ष्याविषयी विचारले. दोन गोष्टी लक्षात घ्या. पक्षी मेला एवढ्याशा कारणाने बसलेल्या मुलाजवळ ते थांबले, 'बच्चा है' म्हणून पुढे गेले नाहीत. आणि त्याला हाक मारली ती कुन्यतने. अबू उमैर, म्हणजे उमैरचे वडील. जी हाक मोठ्या माणसाला मानाने मारतात ती. नाव ठेवण्याचे हे दोन प्रकार आहेत, एक मुलाला उंच करणारा आणि एक खाली दाबणारा. वाअज ऐकून घरी येताना आपण दारातल्या पोराला कोणत्या प्रकाराने हाक मारतो?

उर्दू माध्यमात यात आणखी एक भर पडते, ती भाषेची. मराठी वाचकांना गंमत वाटेल, पण आमच्या बालवर्गात उच्चारावरून मुले रडली आहेत. दखनी घरातले मूल 'क़लम'ला 'खलम' म्हणते. त्याच्या आजीने, पणजीने, चारशे वर्षांच्या पूर्वजांनी तसेच म्हटले. शेजारी बसलेले, उत्तरेकडून आलेल्या घरातले मूल घशातून 'क़' काढते. बाई त्याला शाबासकी देतात आणि दखनी पोराला तीनदा म्हणायला लावतात. तिसऱ्या वेळी वर्ग हसतो. मधल्या सुट्टीत ते पोर 'खलम' झालेले असते. ग्रामीण भागातून आलेले, घरी निव्वळ मराठी बोलणारे मूल असेल तर त्याची हालत विचारूच नका. जी दखनी दख्खनच्या सुफींनी आणि शायरांनी वाढवली, तिला तळमजल्यावर गावंढळ ठरवायचे काम आपलीच शाळा करते. उच्चार दुरुस्त करावेत की नाही हा वेगळा वाद आहे. करायचेच तर चौघांदेखत करू नयेत, एवढे तरी मान्य व्हावे.

आता दुसरी बाजू. आपली मुले जेव्हा मराठी किंवा इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गांत जातात तेव्हा त्यांच्या वाट्याला काय येते, हे वाचकांपैकी अनेकांना स्वानुभवाने ठाऊक आहे. डब्यात काय आहे, नाव असे का, तुमचा देश कुठला. नाझिया इरम यांचे 'मदरिंग अ मुस्लिम' हे इंग्रजी पुस्तक २०१८ च्या सुरुवातीला गाजले, ते मोठमोठ्या नामांकित शाळांतल्या मुस्लिम मुलांना सोबती कशी नावे ठेवतात याविषयी होते. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यात एका शिक्षिकेने सात वर्षांच्या मुस्लिम मुलाला वर्गातल्या मुलांकडून थपडा मारायला लावल्या. त्याची चित्रफीत देशभर फिरली, सर्वोच्च न्यायालयाला दखल घ्यावी लागली. तेव्हा आपण संतापलो. संतापायलाच हवे होते. थप्पड मुलाच्या हाताची होती आणि द्वेष मोठ्या माणसाचा होता, हे त्या दिवशी सगळ्या मोहल्ल्याला कळले. मग तेच गणित आपल्या तळमजल्यावर का कळत नाही? 'पाकिस्तानी' म्हटले की जखम होते आणि 'पिंजाऱ्या' म्हटले की मस्ती होते, हा हिशेब कोणत्या शाळेतला? बाहेरच्यांकडे न्याय मागताना आपल्या घरातल्या लेकराचे रडणे 'बच्चे है'त बुडवणाऱ्यांची मागणी लंगडी पडते. आम्ही मागणी सोडा म्हणत नाही. ती नीट दोन पायांवर उभी करा म्हणतो.

आणि त्या प्रसिद्ध उपदेशाचे काय करावे? 'मार के आ, मार खा के मत आ.' बहुतेक अब्बा लोक हा उपदेश देतात आणि देताना त्यांची छाती फुगते. याचा अर्थ पोराच्या बाजूने काय होतो ते पाहा. आज त्याने मार खाल्ला. शाळेत ऐकून घेणारे कोणी नव्हते. घरी आला तर घरचे दारही मार खाल्लेल्यांसाठी बंद. आता तो सांगायचेच बंद करतो. वर ज्या पोटदुखीविषयी लिहिले तिची सुरुवात पुष्कळदा या वाक्यातून होते. आणि ज्याला हा उपदेश मानवतो, जो खरेच मारून येतो, तो उद्या नळाजवळ उभा राहून आपल्यापेक्षा लहान पोर शोधतो. त्यालाही आम्ही गुंड म्हणणार नाही. या वयात कोणाची भूमिका पक्की झालेली नसते. आज सतावणारे पोर उद्या दुसऱ्या गटात सतावले जाते. त्याच्या घरी डोकावले तर अनेकदा तिथेही कोणाचा तरी हात सतत उठलेला असतो. दोघांनाही सोडवता येते, पण ते याच वयात. आठवीत आमच्या हाती आल्यावर फार थोडे उरलेले असते. 'दुनिया में जीना है, सख्त बनना चाहिए' असे म्हणणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे: तुमच्या कचेरीत पाच जणांनी मिळून रोज तुमचा डबा पळवला आणि साहेब हसले, तर तुम्ही सख्त व्हाल की बदली मागाल? पोराला बदली मागता येत नाही.

शिक्षकांना यातून वगळले तर हा लेख खोटा ठरेल. बालवर्गात मुलाची चड्डी ओली झाली की 'शेम शेम'चा गजर होतो. तो गजर मुलांनी शोधून काढलेला नाही. महाराष्ट्रातल्या हजारो बालवर्गांत तो बाईच सुरू करतात आणि टाळ्यांचा ठेका देतात. मुलाला वेगळे उभे करणे, 'याच्याशी कोणी बोलू नका' अशी शिक्षा देणे, मुलाला मुलींच्या रांगेत बसवून हसे करणे. वर्गाबाहेर मुले जे करतात त्याचा वस्तुपाठ वर्गातच मिळतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करते, पण तो कायदा सहा ते चौदा वयाचा. सहाच्या खालच्यांसाठी अकराव्या कलमात शासनाने व्यवस्था करावी अशी मोघम अपेक्षा आहे. म्हणजे जे सर्वांत लहान, त्यांच्या वाट्याला कायद्याचे सर्वांत पातळ पांघरूण.

याच मराठी मुलखाला हा विषय नवा आहे असेही नाही. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले ते शिक्षा आणि बक्षीस दोन्हींना फाटा देऊन. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षण सुरू केले, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला वारली मुलांत नेले. तिथे मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे हे शाळेचेच काम धरले होते. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या पोराला इतर 'बू आती इसकू' म्हणून दूर बसवतात, त्याच्यावर भाषण करण्यापेक्षा त्याला हातपाय धुवायला नळ आणि साबण देणारी शाळा अधिक शहाणी. शिकागोच्या बालवर्ग शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी एक नियम करून पाहिला आणि १९९२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. नियम एवढाच की खेळात यायला मागणाऱ्या कोणालाही 'तू नको' म्हणायचे नाही. त्यांनी तो लादण्याआधी बालवर्गातल्या मुलांशी आणि वरच्या वर्गांतल्या मोठ्या मुलांशीही चर्चा केली. मोठ्या मुलांनी सांगितले की नियम न्यायाचा आहे पण आमच्याकडून पाळला जाणार नाही, लहानांना शिकवा. खालच्या मजल्यापासून सुरू करा, असे मोठी मुलेच म्हणतात.

हा नियम आपल्याकडे चालेल का? एका खोलीत साठ मुले आणि एक बाई असतील तर चालणार नाही. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणासोबतच्या निकषांत तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक मोठे माणूस धरलेले आहे. सरकारी अंगणवाडीत निदान सेविका आणि मदतनीस अशा दोघी तरी असतात. आपल्या संस्थांच्या नर्सरीत बारावी झालेली एक मुलगी असते, लग्न ठरेपर्यंत. तिचा पगार किती हे इथे लिहिले तर संस्थाचालक रागावतील आणि न लिहिले तर ती. नर्सरीची फी मात्र इमारत फंडाला जाते. छळ कुठे होतो हे तळमजल्यावर उभे राहून पाहिले तर अर्ध्या तासात दिसते: नळावर, संडासच्या दारात, जिन्याखाली, रिक्षात. जिथे मोठे माणूस नसते तिथे. रिक्षावाल्या भाईंना वर्षातून एकदा बोलावून 'पोरांना टोपणनावाने हाक मारू नका, मागच्या सीटवर कोण कोणाला दाबतो ते आरशात बघा' एवढे सांगायला पैसे लागत नाहीत. बाईंनी पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाचे पूर्ण नाव पाठ करून त्याच नावाने हाक मारायलाही लागत नाहीत. आयाबाई नेमायला लागतात.

आमच्या संस्थेची वार्षिक सभा जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे. विषयपत्रिका आली आहे. कमानीचा रंग, मैदानाला फरशी, सत्कारमूर्तींची निवड. बालवर्गासाठी दोन आया आणि नळाजवळ सुट्टीभर उभे राहणारे एक माणूस हा विषय आम्ही लेखी दिला होता. तो 'आयत्या वेळचे विषय' या सदरात गेला आहे. सभा जोहरच्या नमाजनंतर सुरू होते आणि त्या सदरापर्यंत पोचेतो असरची अजान होते. यंदा आम्ही चार-पाच आयांनाही सोबत घेऊन बसणार आहोत, नमाज झाली तरी उठणार नाही.